उजवीकडचे निरोप

आईचा फोन ज्या कंपनीचा होता, ती कंपनी आपल्या घराण्याबाहेर सोयरीक करत नाही. तिच्या फोनवरचे निरोप तिच्याच फोनवर दिसणार, नाहीतर तिच्याच कॉम्प्युटरवर. माझा कॉम्प्युटर परक्या घरचा. एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. मी मुद्रितशोधक आहे; पुस्तकांची पानं वाचायची, चुका काढायच्या, परत पाठवायची. या कामाला कुठलाही कॉम्प्युटर चालतो. पण आईला अर्धांगवायू झाला आणि हा भलताच प्रश्न आमच्या घरात येऊन बसला.

आईची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डोकं मात्र पहिल्यासारखंच लख्ख. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही, असं आमचं ठरलं. माझी थोरली बहीण, ताई, दुसऱ्या शहरात असते. आधी त्या दोघी दिवसभर एकमेकींना लिहायच्या. भाजी कसली केली, ताईची मुलगी छोटी शाळेत रडली का, असलंच काहीबाही. आई अंथरुणाला खिळल्यावरही ताईने लिहिणं सोडलं नाही. मी ते वाचून दाखवायचो, आई पापण्यांनी उत्तर द्यायची, मी ते तिच्या फोनवर लिहायचो. पण फोन आईच्या खोलीत आणि माझं टेबल बाहेर. वाक्य अर्ध्यात सोडून उठलो की परत येईपर्यंत चूक कुठे होती तेच हरवायचं.

माझ्या एका मित्राला आम्ही खटपट्या म्हणतो. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात. चालू वस्तू त्याच्या हाती लागली की ती बंद पडते, असं त्याची बायको सांगते. त्याने यातून मार्ग काढला. आईचा फोन कायम चार्जरला लावून तिच्या पलंगाच्या वरच्या फळीवर ठेवायचा. त्यात त्याने एक प्रोग्राम घातला. आलेला निरोप फोनने माझ्या कॉम्प्युटरकडे सरकवायचा आणि मी लिहिलेलं उत्तर फोनमार्फत आईच्या नावाने जायचं. पडद्यावर डावीकडे ताईचे निरोप आणि उजवीकडे, निळ्या रंगात, आईचे. म्हणजे मी लिहिलेले.

कंपनीला पत्ता लागला तर ती हे बंद करेल, तोवर चालवून घे, असं म्हणून तो गेला.

काही आठवडे छान चाललं. मग एका दुपारी मी चहाचा कप घेऊन टेबलाशी आलो, तर ताईच्या 'आई जेवली का' याखाली उजवीकडे दोन शब्द होते. 'जेवले. पडते.'

मला वाटलं, मावशी. दिवसभर आईचं सगळं करायला त्या येतात. विचारलं, तर त्या हात पुसत म्हणाल्या की मला माझाच फोन धड येत नाही दादा, त्यांचा कशाला घेऊ. खोटं बोलायचं त्यांना काही कारण नव्हतं. मीच तंद्रीत लिहिलं असेल, असं म्हणून मी कामाला लागलो.

त्यानंतर असे निरोप अधूनमधून दिसू लागले. साधेच असायचे. आज पाठ दुखते, खिडकीशी कबुतर येतं, चादर बदलली. सगळं खरं. मग एका सकाळी ताईचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. आई स्वतः लिहायला लागली आणि तू मला सांगितलं नाहीस, असं ती हुंदके देत विचारत होती. मी पडद्यावर पाहिलं. 'तुला गोवर झाला होता. तू माझी कर्णफुलं मुठीत धरून झोपायचीस. मूठ उघडताना मी एकेक बोट सोडवायची.'

ही गोष्ट मला माहीत नव्हती. माझा जन्म त्यानंतरचा.

मी आईच्या खोलीत गेलो. औषधी तेलाचा वास, अर्ध्यावर ओढलेला पडदा, फळीवर काळ्या काचेचा फोन. आईचा डावा हात चादरीवर होता. त्या हाताने तिला चादरीची कड चिमटीत धरता यायची, त्यापलीकडे काही नाही. ताई खूप खूश आहे, असं मी सांगितलं. तिने पापणी एकदा मिटली. पुढे मी काही विचारलं नाही. हवी ती गोष्ट घडत असली की माणूस पुरावे मागत नाही. खरं तर एक खूण माझ्या नजरेतून सुटली नव्हती. आईने उभ्या जन्मात कुठल्या वाक्यापुढे पूर्णविराम दिला नव्हता. या निरोपांत प्रत्येक वाक्यापुढे होता.

शेवटी खटपट्याला बोलावलं. तो आईचा फोन आणि माझा कॉम्प्युटर शेजारी ठेवून बराच वेळ बसला. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी लिहिलेले सगळे निरोप त्यात होते. ते दुसरे नव्हते. गोवर नाही, कबुतर नाही, काही नाही.

"कॉम्प्युटरवरून हे गेलेले नाहीत," तो म्हणाला. "आणि फोनला तर ते ठाऊकच नाहीत."

मग ताईला मिळतात कसे, असं मी विचारलं. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला. तो दहा मिनिटांसाठी आला तरी चहा घेतल्याशिवाय जात नाही. त्या दिवशी गेला.

दुसऱ्या दिवशी उजवीकडे आलं, 'छोटीला घेऊन ये. ती माझ्याजवळ झोपेल.' ताईने लगेच उत्तर दिलं होतं की शनिवारी येते.

तेव्हा मात्र मी ते सगळे निळे निरोप कागदावर छापून काढले आणि आईच्या उशाशी खुर्ची ओढली. मावशी औषधं आणायला गेल्या होत्या. मी एकेक निरोप वाचत गेलो. पहिल्या काहींना आई नुसती बघत राहिली. कर्णफुलांपाशी तिचा श्वास अडकला. छोटीचा निरोप वाचला तेव्हा तिची डावी बोटं चादरीवर ओरखडत होती.

"आई, हे तू लिहिलंस?"

दोनदा. पुन्हा दोनदा.

मी कागद मांडीवर ठेवले. मावशींनी लिहिलं का, विचारलं. नाही. कोणी लिहिलं ते तुला माहीत आहे का, विचारलं. एकदा. तुझ्या ओळखीचं कोणी आहे का, यावर ती थांबली, मग दोनदा.

"या खोलीत येतं?"

एकदा.

"आत्ता आहे?"

आईने पापणी मिटली नाही. डोळे ताणून ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी भरलं, कानशिलावरून ओघळलं, तरी तिने पापणी पडू दिली नाही. ती मला उत्तर देत नव्हती. मिटली असती तर उत्तर झालं असतं.

मी मागे वळून पाहिलं नाही. उठलो, फळीवरचा फोन काढून बंद केला, कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम पुसला आणि ताईला फोन लावला. येऊ नकोस म्हणालो. छोटीला तर अजिबात आणू नकोस.

"तू हेच म्हणशील, असं आईने कालच लिहिलं होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी थंड होता. "मी तिथे आलेलं तुला नको आहे, हेही लिहिलं होतं."

असं काही माझ्या पडद्यावर आलंच नव्हतं.

शनिवारपर्यंत मी आईजवळून हललो नाही. मावशींना काही सांगितलं नाही. त्यांनी काही विचारलं नाही, पण खोलीत शिरताना त्या आता दिवा लावून शिरायच्या, भर दुपारीही.

ताई आली ती बॅग खाली ठेवायच्या आत भांडायला उभी राहिली. छोटी माझ्या बगलेखालून आजीच्या खोलीकडे धावली. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं, जरा जोरातच. ती रडायला लागली. ताई माझ्यावर ओरडणार, तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. तिने वाचलं आणि तो माझ्यापुढे केला.

'येऊ दे तिला. दार उघडंच आहे.'

आईचा बंद फोन माझ्या खिशात होता. मी तो काढून ताईला दाखवला.

मग आम्ही दोघांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. मी ते लावून घेतलं होतं.

ते उघडं होतं.

ताईने छोटीला मावशींकडे दिलं आणि त्यांना जिन्यात जायला सांगितलं. आम्ही आत गेलो. आत आईशिवाय कोणी नव्हतं. ताईने तिचा हात हातात घेतला आणि फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला.

"आई, तू?"

दोनदा.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही आईला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि ताईच्या घरी नेलं. कपडेही नंतर कोणाकडून तरी मागवले. त्या घरात मी परत राहायला गेलो नाही.

आई आता बरी आहे. जीभ जड आहे, पण पाणी म्हणते, बस म्हणते, छोटीला हाक मारते. त्या खोलीबद्दल आम्ही तिला विचारत नाही. कंपनीकडे अर्ज करून तिचं खातं कायमचं बंद केलं. तो फोन खटपट्याने उघडून त्याचे तुकडे केले. ताईला आईच्या नावाने पुन्हा एकही निरोप आला नाही.

परवा ताईने मला तिचा फोन दाखवला. त्या शनिवारी ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या बसल्या तिने आईच्या नावावर एक प्रश्न लिहून पाठवला होता, हे तिने इतके दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. 'तू कोण?' उत्तर आलेलं नाही. त्याखाली बारीक अक्षरांत फक्त 'वाचलं' असं आहे आणि शेजारी वाचल्याची वेळ. ताई म्हणाली, नीट बघ. मी बघितलं. आम्ही बघत होतो तेव्हा घड्याळात दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. 'वाचलं'च्या शेजारीही तीच वेळ होती. आम्ही बघत असतानाच ती एका मिनिटाने पुढे गेली.