रणभुईवरचा हाका

बसा असे जवळ. थंडी आहे. मिस्त्री साकोलीहून यायले पहाट होईल, तोवर गाडी हलत नाही. इथं कोहमाऱ्यात शेकोटी तरी आहे.

मघापासून मले विचारून राहिले तुम्ही, "शालीकराम आजा, नवेगावच्या रस्त्यानं रात्रीची गाडी काऊन नेत नाही?" म्हणून. सांगतो. मी स्वतः पाहिलं नाही. पण ज्यानं पाहिलं त्यानंच मले स्टेअरिंग धरायले शिकवलं. दुधराम उस्ताद. फार कमी बोलणारा माणूस. ही गोष्ट त्यानं जन्मात एकदाच तोंडातून काढली, अन् ती माझ्यापाशी.

सत्तेचाळीस साल. इंग्रज जायचे होते अजून. उस्ताद तेव्हा जवान गडी, फौजेत लॉरी चालवून घरी आलेला. गोरेगावच्या बाजूले भोजराज मालगुजार होता, दहा-बारा गावांचा धनी, त्याच्याकडं ड्रायव्हर लागला. लढाई संपल्यावर फौजेच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या. भोजराजनं त्यातली एक उचलली अन् गोंदियाच्या सुताराकडून तिच्यावर घरच बांधून घेतलं. आत पलंग, कपाट, स्टो, खिडक्याईले पडदे. वरून पत्रा. मागं दार अन् उतरायले पायरी. ड्रायव्हरची जागा समोर वेगळी, मधात एक लहानशी खिडकी. लोक तिले घरमोटार म्हणत.

पाहुणा आला की मालगुजार त्याले घरमोटारीत घालून फिरवे. आपल्या इकडचाच परतापगडचा किल्ला, नवेगावचा बांध, नागझिऱ्याचं जंगल. अन् शेवटी रणभुई.

रणभुई म्हणजे जंगलाच्या काठचं उघडं मैदान. जुन्या काळी तिथं लढाई झाली म्हणतात. कोणाची कोणाशी, ते ज्याले त्याले वेगळं ठाऊक. मेले त्याईच्या नावानं कमरेएवढे गोटे उभे केलेले. भोजराज छाती फुगवून सांगे, माझा पणजा इथं लढला. पाहुणा गोरा साहेब असला की पणजा कंपनी सरकारकडून लढे. खादीवाला असला की कंपनीच्या विरुद्ध. उस्ताद समोर बसून ऐके अन् मिशीत हसे.

सगळ्यात शेवटी जंगलाकडं एक गोटा होता. त्याच्यापाशी नेऊन भोजराज म्हणे, हा सरदाराचा. पाहुणे त्या गोट्यावर हात टेकवून फोटो काढत.

त्या साली संक्रांत झाली मंगळवारी. गुरुवारी दुपारी मालगुजार म्हणाला, "दुधराम, नागपूरचे एक बडे साहेब उद्या येऊन राहिले. त्यांना लढाईची जागा पाहायची आहे, मग जंगल. आजच गाडी नेऊन लावू, जागा साफसूफ करू. मी पण येतो. रात्र तिथंच."

सामान भरलं. तांदूळ, कोंबडी, बंदूक, क्यामेरा. कोहमाऱ्यापर्यंत गाडी छान आली. पुढं नवेगावच्या रस्त्यावर इंजन तापलं. जंगलाआधी दहा-वीस घरांची एक टोली लागते, तिथं उस्तादनं गाडी थांबवली अन् बादली घेऊन विहिरीवर गेला. मालगुजार मागं पलंगावर झोपलेला.

विहिरीवर एक बाई होती. अनुसयाबाई नाव. तिनं स्वतःच पाणी काढून दिलं. गाडीकडं पाहत म्हणाली, "कोठी जाऊन राहिला बापू?"

"रणभुईवर, मावशी. रात्र तिथंच काढतो."

बाईचा हात थांबला.

"थो शेवटचा गोटा कोनाचा हाय, तुले मालूम?"

"सरदाराचा म्हणते मालक."

"सरदाराचा नाही. माह्या मानसाचा हाय. बिसरामचा."

मग तिनं सांगितलं. हाका तुम्हाले माहीत नसेल. मालक मचाणावर बंदूक घेऊन बसे. गावचे लोक ढोल अन् डबे वाजवत, ओरडत, तीन बाजूनं जंगलातून चालत येत. जनावर मग मोकळ्या बाजूले पळे, अन् मोकळ्या बाजूले मचाण. दोन वर्षांमागं रणभुईच्या काठावर असाच हाका झाला. झुडूप हललं. भोजराजनं गोळी टाकली. झुडपात बिसराम होता.

"गावाले सांगितलं, वाघानं नेला," बाई म्हणाली. "तिथंच पुरून टाकला, वर गोटा रोवला. मले तोंड पाहू देलं नाही. सगळ्या हाकेवाल्याईनं पाहिलं, एकही बोलला नाही. अन् आता मोठमोठे लोक त्याच्या डोस्क्यावर हात ठेवून फोटो काढतेत."

उस्तादनं बादली उचलली. तिनं मागून हाक मारली.

"बापू... दिवाळीपासून तिकडं रात्री ढोल वाजते. थो एकटा नाही. तिथं निजले हायेत, थे सगळेच उठतेत त्याच्यासंगं. ढोल ऐकू आला तं गाडीखाली उतरू नको. तू काही त्यात नव्हता."

दिवस बुडता-बुडता गाडी रणभुईवर लागली. मैदानाच्या मधोमध. मागचं दार जंगलाकडं. त्या बाजूलेच ते जुनं मचाण, मोहाच्या झाडावर.

कोंबडी शिजली, जेवण झालं. उस्तादच्या पोटात ती गोष्ट राहीना. भांडे घासता-घासता बोलून गेला, "मालक, टोलीवर बिसरामची बाई भेटली होती."

भोजराज दात कोरत होता. थांबला. मग म्हणाला, "रडली असेल."

"नाही, रडली नाही."

"हे पाहा दुधराम, एक हाकेवाला मेला म्हणून काय शिकार बंद होते? उलट मी त्याले सरदार करून ठेवलं. जिता होता तेव्हा कोण पाहत होतं त्याच्याकडं? आता साहेब लोक टोपी काढतात." अन् हसला. "चल, झोप."

उस्ताद समोर आपल्या सीटवर आला. दोन्ही दारं आतून लावली, घोंगडी ओढली. चंद्र पहाटेशिवाय निघणार नव्हता. बाहेर काळंकुट्ट. रातकिडे बोलत होते.

मग रातकिडे बंद झाले.

एकदम. सगळे.

अन् लांबून... ढोल.

एकच. सावकाश. रस्त्याच्या बाजूनं.

मागून मालगुजार म्हणाला, "कोणाचं लगन आहे रे?"

"मालक, पौष आहे. पौषात कायचं लगन?"

त्यानं बंदूक जवळ ओढली.

दुसरा ढोल वाजला. डाव्या अंगानं. मग उजव्या अंगानं डबे. टिनाचे डबे, काठीनं बडवतात तसे. मग माणसांचे आवाज. हो... हो... हो... हो... एक सूर. पंधरा-वीस लोक असतील, नाही तर दोनशे. कंदील नाही. मशाल नाही. रात्री हाका कोणी करत नाही बाबूहो. कधीच नाही.

मालगुजारानं खिडकीतून आवाज टाकला. "कोण आहे रे तिकडं? मी भोजराज मालगुजार! चामडी सोलीन एकेकाची!"

आवाज थांबला.

सगळा थांबला.

उस्ताद म्हणे, तेवढ्यात मले वाटलं, गेले. वाचलो.

मग पुन्हा सुरू झाला. जवळून.

"गाडी काढ!" मालगुजार ओरडला. उस्तादनं सेल्फ मारला. इंजन घुरघुरलं अन् बसलं. पुन्हा मारला. बसलं. बत्त्या तेवढ्या लागल्या. समोर उजेडात गवत होतं, पौषातलं वाळलेलं. अन् ते गवत दबून राहिलं होतं. एका ओळीत. पायाखाली दबते तसं. ओळ पुढं येत होती... अन् ओळीत कोणी नव्हतं.

मागं दोन बार झाले. भोजराजनं खिडकीतून बंदूक झाडली होती.

ओळ थांबली नाही.

मग पत्र्यावर काठी पडली. एक. मग दुसरी. मग समोरून, डावीकडून, उजवीकडून, धडधड, धडधड. कपाट पडलं. भांडे पडले. सगळी घरमोटार थरथरत होती. फक्त मागची बाजू... मागच्या बाजूले काहीच नाही. शांत. मोकळी.

उस्ताद त्या लहानशा खिडकीत तोंड घालून ओरडला, "मालक, उतरू नका! मागून उतरू नका! हाका आहे हा!"

पण भोजराज काही ऐकण्यातला राहिला नव्हता. बंदूक तिथंच टाकली. दाराची कडी काढली. पायरीवर पाय ठेवला.

अन् बाहेरून, अगदी कानापाशी, एक माणूस बोलला. शिकार झाडीतून बाहेर पडली की हाकेवाला मचाणाले ओरडून सांगते, तसं. पण हळू. समाधानानं.

"निघाला..."

भोजराज पळाला. ढोल त्याच्या मागं. अंधारात तो कुठं वळला, कसा फिरला, देव जाणे. जरा वेळानं समोर बत्तीच्या उजेडात आला. धोतर सुटलेलं. तोंड उघडं. सरळ गाडीकडंच येऊन राहिला होता, उस्तादच्या दाराकडं.

"दुधराम... दार... दुधराम..."

उस्तादचा एक हात कडीवर गेला. दुसरा स्टेअरिंगवर होता.

कडी त्यानं काढली नाही.

हॉर्न वाजला.

फौजी गाडीचा हॉर्न, बापा. सगळं मैदान भरून गेलं. अन् भोजराज जागच्या जागी थबकला. बिचकलेलं जनावर थबकते तसा. डोळे चमकले. फिरला... अन् मचाणाकडं धावत सुटला.

"हात आपोआप पडला," उस्ताद मले म्हणाला. तो पुन्हा म्हणाला, "आपोआपच पडला रे."

मग मचाणावरून गोळी सुटली. एक.

बंदूक गाडीत होती.

त्यानंतर काही नाही. ढोल नाही, डबे नाही. उस्तादनं बत्त्या बंद केल्या, घोंगडी डोक्यावरून घेतली अन् गुडघ्यात मान घालून बसला. झोपला नाही म्हणे. झोपलो असतो तं बरं झालं असतं, म्हणे. कशाचाच आवाज आला नाही रात्रभर.

उजाडलं. काचेवर दव साचलेलं. बाहेरचं काही दिसेना. त्यानं आतून बाहीनं काच पुसली, पण दव बाहेरून होतं. काचेवरची पुसणी, वायपर, चालू केली. एक हात फिरली... अन् अडकली.

बोनटवर भोजराज होता. उताणा. शिकार गावात आणताना बोनटवर टाकतात ना, मिरवायले, तसा नीट मांडलेला. हातापायाले वेलीचे वळ. बांबूले उलटं टांगून आणल्यासारखे.

टोलीवरचे लोक आले, पोलीस आले, भंडाऱ्याहून डॉक्टर आला. अंगावर गोळीची जखम नाही. रक्ताचा थेंब नाही. छाती बंद पडून मेला, असं डॉक्टर म्हणाला. घरमोटार त्याच्या पोरांनी तिथंच सोडून दिली, पावसानं सडून गेली. अनुसयाबाईनं त्या दिवशी गोट्यापाशी जाऊन दिवा लावला. कोणी अडवलं नाही.

उस्तादनं पोलिसाईले सगळं सांगितलं. ढोल, डबे, गवत, हॉर्न. त्याईनं हसून सोडून दिलं. एक तेवढं त्यानं सांगितलं नाही.

हाका झाला अन् शिकार पडली की मांसाचे वाटे पडतात. ढोलवाला असो, डबेवाला असो, नुसता ओरडणारा असो. जो-जो हाक्यात होता त्याले त्याचा वाटा, पळसाच्या पानात बांधून.

सकाळी त्यानं घोंगडी काढली तेव्हा दोन्ही दारं आतून लावलेली होती. अन् बाजूच्या सीटवर एक पुडकं होतं. पळसाच्या पानांचं. वेलीनं बांधलेलं.

त्यानं हात लावून पाहिलं.

गरम होतं.