वर दोन, खाली एक

“मी सही करणार नाही!” मुलीने चुरगळलेला कागद टेबलावर आपटला. “तुम्ही चोर शोधता ना? मग शोधा.”

वय असेल अकरा. घरचे तिला ठसका म्हणत. का म्हणत, हे भाऊजींना पहिल्याच वाक्यात कळलं.

वहिनींनी कागद सरळ करून वाचला. ‘वाचनालयातल्या कपाटातला पारदर्शक दगड मी बदलला. मला क्षमा करावी.’ खाली सहीसाठी रेघ. आज पाचपर्यंत सही झाली नाही, तर मुलीचं वाचनालयाचं कार्ड रद्द.

“करून टाक की सही, बाळ,” भाऊजी म्हणाले. “कार्ड तरी वाचेल.”

“काका, न केलेल्या चोरीवर तुम्ही सही कराल?”

भाऊजींनी चष्मा पुसायला घेतला. वहिनींनी खासगी तपासाचं काम सुरू केलं तेव्हापासून हा धाकटा दीर त्यांच्या सोबतीला होता, आणि उत्तर सुचलं नाही की चष्मा पुसत असे.

वाचनालयात दगडांच्या कपाटाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जन्मभर जहाजावर स्वयंपाकी होते. दगड त्यांनीच दिलेले.

“पाच सफरी केल्या,” ते म्हणाले. “बाकीचे बंदरावरून अत्तरं आणायचे, घड्याळं आणायचे. मी दगड आणायचो. जितक्या क्रमांकाची सफर, तितके लाल ठिपके तळाला. हा पहिल्या सफरीतला. एका खाणकामगाराला पोटभर जेवू घातलं, त्याने दिला. जहाजावरची पोरं यावर पैजा लावायची. म्हणायची, याच्याखाली एक्का ठेवला की दुर्री होते!”

“मग बिघडलं काय?”

“हा तो नव्हेच! मोतीबिंदूमुळे मला नीट दिसत नाही, पण हाताला कळतं. माझा दगड गार लागायचा. ही काच आहे, बाई.”

लिंबाएवढा, तिरप्या बाजूंचा तो तुकडा वहिनींनी उलटा केला. “भाऊजी, ठिपके किती?”

“दोन. म्हणजे दुसऱ्या सफरीतला. आजोबा विसरले असतील.”

“स्वयंपाकी मीठ विसरेल, पहिली सफर नाही,” म्हातारे गुरगुरले.

ग्रंथपालांनी दगडांची जुनी यादी काढली. एकेक दगड हातात घेऊन त्यांनी स्वतःच ती लिहिली होती. ‘सातवा: पारदर्शक. तळाला एक ठिपका.’

“सोमवारी या आगाऊ पोरीने तो चित्र काढायला मागून घेतला,” ते म्हणाले. “तासभर तिच्याजवळ होता. आणि पोरगी किती खोटं बोलते, ते बघा.”

ठसकाच्या वहीत दोन चित्रं होती. ‘वरून’ या चित्रात दोन ठिपके, ‘खालून’ या चित्रात एक. शेजारी ग्रंथपालांनी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: चूक.

“खोड म्हटलं, तर खोडेना!”

“मला दिसलं ते मी काढलं,” ठसका म्हणाली. “खोडायचं कशाला?”

यादीत एक, तुकड्यावर दोन, वहीत दोन्ही. भाऊजींचं डोकं गरगरायला लागलं.

“त्यानंतर कपाट कोणी उघडलं?” वहिनींनी विचारलं.

“कोणीच नाही. मंगळवारी काचवाल्याने दाराची तडकलेली काच बदलली तेवढंच. मी समोरच होतो. एकदा फोन घ्यायला उठलो, बस.”

काचवाल्याचं दुकान रस्त्यापलीकडे होतं. तो काच कापत होता. हात थांबवला नाही.

“शनिवारी बाहेरूनच माप घेतलं, कपाटाला कुलूप होतं. मंगळवारी काच बसवली. दगड ना? बघितले की. तो दोन ठिपक्यांचा तर फार देखणा. पण मी हात नाही लावला.”

“पाचला वाचनालयात या,” वहिनी म्हणाल्या.

पाच वाजता ग्रंथपालांनी माफीचा कागद ठसकासमोर सरकवला. तिने हाताची घडी घातली.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “आजोबांचा दगड म्हणजे कॅल्साइट नावाचं पारदर्शक खनिज. त्यातून खालची एक खूण वरून दोन दिसते. एक्क्याची दुर्री होते ती अशी. म्हणजे पोरीची दोन्ही चित्रं बरोबर आहेत. आता सांगा, नकली तुकड्याच्या तळाला दोन ठिपके कोण रंगवेल?”

“ज्याने...” भाऊजी अडखळले. “ज्याने दगड फक्त वरून पाहिला!”

“शाबास. आजोबांनी एकच ठिपका दिला होता. ग्रंथपालांनी दगड हातात घेऊन एकच लिहिला. ठसकाने उलटा करून एकच काढला. खालची बाजू या तिघांना ठाऊक होती. कपाटाच्या बाहेरून पाहणारे पुष्कळ, पण काच कापण्यात तरबेज आणि मंगळवारी कपाट उघडं मिळालेला माणूस एकच. शनिवारी पाहिला, मंगळवारपर्यंत नकली बनवला, आणि फोन वाजला तेव्हा बदलला.”

काचवाला उठून रस्ता ओलांडून गेला आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला दगड घेऊन आला.

“चाळीस वर्षं काच कापतोय,” तो खालमानेने म्हणाला. “असा कोन एकदाही साधला नाही. समोर ठेवून शिकावं म्हटलं.”

“मग मागायचा होता,” ठसका म्हणाली. “मी मागितला, मला मिळाला. आणि माझ्यावर आळ आला तेव्हा गप्प का बसलात?”

काचवाल्याने दगड म्हाताऱ्यांपुढे धरला.

म्हाताऱ्यांनी दगड तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली. मग तो ठसकाला दिला. तिने वही उघडली आणि दगड लाल ‘चूक’वर ठेवला.

“बघा. दोन दिसतात. एक या काचवाल्याची, एक तुमची,” ती ग्रंथपालांना म्हणाली.

ग्रंथपालांनी घाईघाईने खोडरबर उचललं.

“खोडायचं नाही!” तिने माफीचा कागद उलटा करून कोरी बाजू त्यांच्यापुढे सरकवली. “इथे लिहा. आणि खाली सही करा.”

या वेळी भाऊजींनी चष्मा पुसला नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ग्रंथपालांच्या हातात दिलं.