चिंचेखालचा गोळा

आयुष्यात मी दोनदाच खोटं बोललो. दोन्ही वेळा याच गोष्टीत आहेत. बाकी सगळं खरं आहे. पटत नसंल तर वाचू नका बाप्पा!

१९८६. मोहगावची शिवरात्रीची जत्रा. दिवेलागणीची वेळ.

माझा मोठा भाऊ शालिकराम छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेज रेल्वेवर, इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन होता. रिटायर झाल्यावर त्यानं सौंसरच्या घरी कमरेएवढं वाफेचं इंजिन बनवलं. खरा कोळसा, खरी शिटी, मागं चार डबे. जत्रेत गोल रूळ टाकून आम्ही पोरांना फिरवायचो.

दादाचा एकच नियम होता. लोखंडी गोळा. रेल्वेत एकेरी लाईनवर असा गोळा ड्रायव्हरच्या हाती आल्याशिवाय गाडी सुटत नाही.

चिंचेच्या वळणावर पान्यानं रुळाचे बोल्ट कसायला जाताना तो गोळा खिशात घेऊन जायचा. परत येऊन माझ्या हातात देईपर्यंत गाडी काढायची नाही.

"खेळण्याच्या गाडीले गोळा कायले पाह्यजे?" मी चिडवायचो.

"चाक ते चाकच असते, सुधाकर."

पंच्याऐंशीच्या जत्रेत पोरं ओरडून राहिली होती. मी वाट न पाहता गाडी काढली.

दादा वळणावर ओणवा होता. त्याला कानानं ऐकू यायचं नाही, बोलणं तो ओठांवरून ओळखायचा...

इंजिनाची धडक बसली, डोकं रुळावर आपटलं. जागीच गेला.

लोक धावत येण्याआधी मी त्याच्या खिशातून गोळा काढला. सगळ्यांना दाखवला. "हा पाहा, त्यानंच देल्ला होता. मंग वळणावर परत काऊन गेला, देव जाणे!"

चंद्रकला वहिनीनं तो गोळा त्याच्या अस्थींसोबत कन्हान नदीत सोडला.

पुढच्या वर्षी, शहाऐंशीला, तिच्याच हट्टानं गाडी पुन्हा चालवली. शेवटच्या फेरीला चौथ्या डब्यात माझी सहा वर्षांची उषा एकटीच बसली होती.

वळण आलं. शिटी ओढली...

वाजली नाही.

भोंगे, पाळणे, माणसं... कशाचाच आवाज नाही.

फक्त चिंचेखाली पाना वाजत होता. टक... टक... टक...

ब्रेक दाबला. लागला नाही. वळण संपल्यावर गाडी आपोआप थांबली. मागं पाहिलं.

चौथा डबा रिकामा.

मी बोंबलत पळालो. उषा चिंचेखाली रुळावर ओणवी बसली होती. तिला उचललं. तिच्या मुठीत गोळा होता. ओला.

"मोठेबाबांनी देल्ला. म्हणे, तुह्या बाबानं मागतलाच नाही." दादाला ती मोठेबाबा म्हणायची.

मागं वहिनी उभी होती. तिनं गोळा ओळखला.

"भाऊजी, खरं सांगा. त्या दिवशी त्यायनं गोळा तुमच्या हातात देल्ला होता ना?"

माझी पोर माझ्या कडेवर थरथरत होती. तरी मी म्हणालो, "व्हय."

दूर उभ्या गाडीची शिटी वाजली. इंजिनावर कुणीच नव्हतं.

सगळे दचकले. उषा दचकली नाही.

"उषा..."

तिनं पाहिलंच नाही. नागपूरला नेलं. कानात दोष नाही, डॉक्टर म्हणाले.

आज तिला पोरं आहेत. तिला अजून ऐकू येत नाही. वहिनी गेली, तिला खरं सांगायचं राहूनच गेलं. माझं वय झालंय, पण उषा घराबाहेर निघाली की मी तिच्या मागं मागं चालतो.