थडग्यावरची नळी

ओस्तियाजवळच्या जुन्या रोमन दफनभूमीत मी अठरा वर्षं झाडू मारते आहे. तिथल्या थडग्यांवर मातीच्या नळ्या बसवलेल्या आहेत. त्या काळी घरचे लोक त्यांतून मेलेल्यांना वाइन, मध असं काहीबाही पाजायचे. डब्याबरोबर आणलेली वाइन उरली की मीही कोपऱ्यातल्या एका नळीत ओतते. पहारेकरी फाउस्तो म्हणायचा, "पाज, नीवेसताई, पाज. दोन हजार वर्षांत कुणी विचारलं नाही बिचाऱ्यांना."

मार्चमध्ये माझ्या नवऱ्याला, ओत्तोरीनोला, अर्धांगाचा झटका आला. गिळणं बंद झालं, नाकात नळी आली. बोलायचा मात्र, बोबडं, आणि तेही जेवणाबद्दलच. स्वतः रांधताना दर वेळी लसूण करपवणारा हा माणूस जन्मभर माझ्या सुपाला नावं ठेवत आला.

एका दुपारी मी हॉस्पिटलात पोचले, तर म्हणाला, "आजची वाइन आंबट होती गं."

आंबट होतीच. सकाळी मीच ती थडग्यात ओतली होती.

योगायोग असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता बिनसाखरेची कॉफी ओतली.

"घरातली साखर संपली का?" त्यानं विचारलं.

मग मी रोज डबाभर सूप नेऊ लागले. नळीला कान लावला की खाली कुणी घोट घेतल्यासारखं ऐकू यायचं. चार घास त्याच्या पोटात जातायत, मला तेवढं पुरे होतं. तो मात्र वाळतच चालला.

"बाई, वजन रोज उतरतंय," नर्स म्हणाली. "मनाची तयारी ठेवा."

मी त्याला विचारलं, "सूप पोचत नाही का रे?"

"बाकीचे आधी पितात. माझ्या वाट्याला काही उरत नाही."

"बाकीचे कोण?"

"आणि थंडी किती आहे गं, इथे खाली."

त्याची खाट चौथ्या मजल्यावर होती. खिडकीतून पांघरुणावर ऊन पडलं होतं.

मी पातेलं नेलं. मग दोन नेली. फाउस्तोनं थट्टा करणं सोडलं.

गुरुवारी सूप नळीच्या तोंडाशीच तुंबून राहिलं. मी काठीनं ढोसत होते, तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला.

त्याला गावातल्या नव्या दफनभूमीत पुरलं. घरी येऊन मी गॅलरीत बसले. दोन दिवस पोटात काही नव्हतं. भर उन्हात पाय गार पडत गेले.

मग घशातून कोमट सूप उतरलं. मी तोंडही उघडलं नव्हतं.

लसूण करपलेला होता.