सतरा नंबरचा खिळा

ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच उठून आत जावं. मी तुमची करमणूक करायला बसलेलो नाही. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. त्याने स्वतः मला सांगितलंय.

साडू विमानतळावर धावपट्टीच्या दिव्यांचं काम बघायचा. विमानतळ मुळात लष्कराचा, लढाईच्या धामधुमीत घाईने बांधलेला. पुढे लष्कराने नाक मुरडत प्रवाशांसाठी एक पत्र्याची शेड दिली. आता शेड गेली, काचेची इमारत आली, सरकते जिने आले. पण धावपट्टी एकच. दिवसा प्रवाशांची, रात्री लष्कराची. दोघांचं आपसात कधी पटलं नाही.

फाटकाजवळच्या चौकीत एक लाकडी फळा होता, त्याला चोवीस खिळे. धावपट्टीवर जाताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, परत आलं की काढून घ्यायचा. सगळे बिल्ले निघाले की चौकीतून टॉवरला फोन जायचा, धावपट्टी मोकळी. मगच विमान उतरायचं.

सतरा नंबरचा बिल्ला मात्र कायम लटकलेला, तो कुणी मोजतच नसे. तो धावपट्टीवरचे खडे वेचणाऱ्या एका मजुराचा. चाळीस वर्षांपूर्वी कुणा बड्या अधिकाऱ्याचं विमान यायचं होतं, म्हणून मुकादमाने न बघताच त्याचा बिल्ला काढला आणि फोन केला. तो बाहेरच होता. जे सापडलं ते पोत्यात भरून नेलं. नंतर कुणीतरी बिल्ला परत टांगला. माणूस आलाच नाही, मग बिल्ला कसा काढणार? मुकादमाला पुढे बढती मिळाली, हेही ऐकून ठेवा.

मार्चमधला दुसरा मंगळवार. सकाळी फळ्याऐवजी कार्डाचं यंत्र सुरू होणार होतं आणि टोकाचा एक दिवा लागत नव्हता. साहेबाने साडूला बजावलं होतं, सकाळी तो दिवा बंद दिसला तर नोकरीला रामराम. त्याच्या पदरी दोन लहान मुली. रात्री पावणेदोनला तो चौकीत पोचला. सुताराने फळ्यावरचे खिळे उपटले होते, फक्त सतरावा सोडला होता. त्याला तो हात लावेना.

साडूने तो बिल्ला काढला, भंगाराच्या डब्यात फेकला आणि त्या खिळ्यावर आपला टांगला. नऊ नंबरचा.

चौकीतला हवालदार म्हणाला, "त्याच्यावर नको."

"उद्या त्याला कार्ड करून द्या," म्हणाला हा.

टोकाला पोचला. दिवा उघडला. वायर तुटलेली, ती जोडली. दिवा लागला. आणि त्या उजेडात त्याला दिसला... एक माणूस. वाकून चाललेला. खडे वेचत. फाटकाच्या दिशेने.

साडूला वाटलं, कंत्राटदाराचा कुणी असेल. त्याने हाक मारली. तो थांबला. वळला नाही.

"आता तू थांब," तो म्हणाला. "मी जातो."

गेला.

दोन वाजून दहा मिनिटं. वॉकीटॉकीवर टॉवरचा आवाज आला. धावपट्टी मोकळी.

साडू ओरडला, मी आहे... मी अजून बाहेर आहे. पलीकडून नुसती खरखर. सगळे दिवे प्रखर झाले. मागून आवाज. लष्कराचं मालवाहू विमान. अगदी खाली.

त्याने गवतात उडी टाकली. चाक त्याच्या बुटापासून हातभरावरून गेलं.

तो रांगत चौकीत आला. हवालदार त्याच्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही मघाशीच परत आलात. बिल्ला काढून गेलात."

"तोंड बघितलंत माझं?"

हवालदाराने फळ्याकडे बोट केलं.

खिळा रिकामा होता. साडूने पहाटेच नोकरी सोडली. यंत्र सुरू व्हायच्या आधी. आज तो घरीच असतो, दिवे लावू देत नाही, पाठमोरं कुणी दिसलं की घामाघूम होतो. मला त्या साहेबाचा आणि त्या मुकादमाचा अजून संताप येतो.

कार्डाचं यंत्र त्यांनी तेव्हापासून दोनदा बदललं. रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर येतं, धावपट्टीवर एक माणूस. कार्ड क्रमांक नऊ.

नऊ नंबरचं कार्ड त्यांनी कधी बनवलंच नाही.