सातव्या खेपेचा ब्रेक

"थांबली! थांबली!" बसू टाळ्या पिटत ओरडला.

शंकरप्पांची मोटार अंगणाच्या या टोकाहून घरघरत निघाली आणि आडाच्या कठड्यापासून चार हातांवर गचकन थांबली. नव्या पेठेत कापडाचं दुकान असलेल्या शंकरप्पांनी ही मोटार जुनीच घेतली होती. तिला ब्रेक होते ते फक्त मागच्या दोन चाकांना, आणि तेही झिजलेले. म्हणून त्यांनी मोडीत निघालेल्या एका नव्या धर्तीच्या मोटारीचा पुढच्या चाकांचा दांडा ब्रेकसकट विकत आणला, त्या ब्रेकना लावायच्या नव्या पट्ट्या मुंबईहून पार्सलने मागवल्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरच्या अंगणातच तो बसवायला घेतला. मदतीला होता गिरणीतला कोंडीबा मिस्त्री.

"झालं की काम! आता उद्या तुळजापूर!" शंकरप्पा घाम पुसत म्हणाले. "अकरा जणं बसणार. घाट उतरायची आता भीती नाही!"

"माझी कारभारीण सोजर बी येणार हाय, सावकार," कोंडीबा लाजत म्हणाला. "तान्ह्याला घेऊन. तिनं मोटार कदी बगितली न्हाय."

सगळे पाणी प्यायला घरात गेले. मागोमाग पळणाऱ्या त्यांच्या धाकट्या बसूचा पाय कोंडीबाच्या चपलेवर पडला आणि ती उलटी झाली. बसूची बारा वर्षांची बहीण दानम्मा ती सरळ करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"महिपती, इकडे ये. लवकर!"

शेजारचा महिपती धावत आला. चपलेचा तळ नवाकोरा होता. दोन जाड, विणलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी शिवून तो केला होता, आणि विणीतून पितळेच्या बारीक तारा चमकत होत्या.

"ही तर ब्रेकची पट्टी!" महिपतीचे डोळे विस्फारले. "मुंबईच्या पार्सलातली!"

"पार्सल मीच फोडलं होतं," दानम्मा कुजबुजली. "बरोबर चार पट्ट्या होत्या. पुढच्या दोन चाकांना चारच लागतात. एका चपलेला दोन, दोन चपलांना चार..."

"मग चाकांत काय आहे?" बसूने विचारलं.

तिघांनी मोटारीकडे पाहिलं. ऐन उन्हात दानम्माच्या अंगावर काटा आला!

ती तडक घरात गेली. "अप्पा, मिस्त्रीमामांच्या चपलेला ब्रेकच्या पट्ट्या आहेत!"

"उरल्याल्या व्हत्या, पोरी," कोंडीबा सहज म्हणाला.

"चारच आल्या होत्या! उरतील कशा?"

"पुरे!" शंकरप्पा कडाडले. "आत्ता तुझ्या डोळ्यांदेखत गाडी थांबली ना? मिस्त्री वीस वर्षं यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्या कामात तू चुका काढणार?"

दानम्मा बाहेर आली ती ओठ चावतच.

"आता?" महिपती म्हणाला.

"अंगणात एकदा थांबणं वेगळं. घाटात पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावा लागतो. अप्पांना तसाच दाबायला लावायचा. पण सपाट जागी, मोकळ्या माळावर."

"ते ऐकतील?"

दानम्माने बसूच्या कानात काहीतरी सांगितलं. बसू हसला आणि घरात पळाला.

"अप्पा! ते पलीकडचे वकीलकाका म्हणतात, तुमच्या मोटारीपेक्षा बैलगाडी लवकर थांबते!"

"काय?" शंकरप्पांनी तांब्या आदळला. "वकील म्हणतो? चल रे कोंडीबा! माळावर काढू गाडी. मोजूनच दाखवतो!"

विजापूर रस्त्याच्या कडेच्या माळावर महिपतीने चुन्याची रेघ ओढली. रेघेवर आल्यावर ब्रेक दाबायचा, आणि गाडी किती पावलांवर थांबते ते दानम्माने मोजायचं. शंकरप्पांच्या शेजारी कोंडीबा बसला. बसूही मागे चढला.

"तू उतर!" दानम्मा ओरडली.

"अं हं! मी वकिलांचा साक्षीदार!" बसूने जीभ दाखवली आणि गाडी सुटलीसुद्धा.

पहिल्या खेपेला पंधरा पावलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही पंधराच. शंकरप्पांनी मिशीवर हात फिरवला. चौथ्यांदा एकवीस झाली. पाचव्यांदा अठ्ठावीस. सहाव्या खेपेला गाडी चाळीस पावलं घसटत गेली आणि माळावर एक उग्र वास पसरला.

"कातडं जळतंय!" महिपती नाक धरून म्हणाला.

"अप्पा, बास! आता नको!" दानम्मा गाडीमागे धावली. पण शंकरप्पा इरेला पेटले होते.

"एकदाच! जरा जोरात दाबतो!"

सातव्यांदा गाडी ताशी तीस मैलांनी आली. रेघ ओलांडली. शंकरप्पांचा पाय ब्रेकवर पडला... आणि गाडी तशीच पुढे गेली! पन्नास पावलं! साठ! पुढच्या चाकांतून निळा धूर निघत होता. कोंडीबा हातब्रेक ओढत होता, पण मागच्या चाकांचे झिजलेले ब्रेक काही दाद देईनात.

आणि तेव्हा दानम्माला दिसलं. माळाच्या टोकाला मुरमाची खाण होती! उन्हाच्या झळांत तिची कड इतका वेळ दिसलीच नव्हती.

"अप्पा! खाण! वळवा! वळवा!"

शंकरप्पांनी हातातलं चाक गर्रकन फिरवलं. गाडी एका कुशीवर कलली, मुरमाच्या ढिगावर चढली आणि धाडकन आवाज करून बंद पडली. खाणीची कड तिथून तीन पावलांवर होती.

दानम्मा धावत सुटली. बसू मागच्या बाकाखालून वर आला. कपाळाला टेंगूळ आलं होतं, चेहरा पांढराफटक.

"मी... मी बरा आहे," तो म्हणाला आणि रडू लागला.

दानम्माने त्याला घट्ट धरलं. "अप्पा, चूक माझी! वकीलकाका काहीच बोलले नव्हते. मीच बसूला सांगायला लावलं. मला खाण दिसली नाही हो!"

शंकरप्पांची बोटं अजून हातातल्या चाकावरच आवळलेली होती.

बैल जुंपून गाडी घरी आणली. दुपारी पुढच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम उघडले. आत पट्टीऐवजी गिरणीच्या पट्ट्याचं कातडं होतं. जळून काळं पडलेलं, वाळक्या पानासारखं मुरडलेलं.

"ह्या कातड्यावर गिरणीचं यंत्र फिरतंय, सावकार," कोंडीबा मान खाली घालून म्हणाला. "ती नवी पट्टी मला निस्ती सुती वाटली. म्हनलं, कापडानं कुटं मोटार थांबती व्हय? तवा कातडं घातलं अन् पट्टी चपलेला लावली. मोटारीचं काम मी कदी केलंच नव्हतं... पण न्हाय म्हनाया लाज वाटली." तो मटकन खाली बसला. "माझी सोजर... माझं लेकरू बसणार हुतं ह्यात!"

कुणीच त्याला रागावलं नाही.

"लाज मलाही वाटायला हवी," शंकरप्पा हळूच म्हणाले. "पोरगी चार म्हणत होती. मला चार मोजता आले नाहीत." मग ते दानम्माकडे वळले. "बसूकडून खोटं वदवून घेतलंस, ते पुन्हा करू नकोस. पण तू गप्प बसली असतीस, तर आज ही गाडी माळावर नाही, उद्या घाटात सुटली असती. अकरा जणांसकट."

आठ दिवसांनी मुंबईहून दुसरं पार्सल आलं. या वेळी आठ पट्ट्या होत्या, चारही चाकांसाठी. प्रत्येक पट्टी शंकरप्पांनी आणि कोंडीबाने मिळून बसवली. महिपतीने पट्ट्या ठोकायची तांब्याची रिबिटं मोजून दिली. रिबिटाचं डोकं पट्टीच्या वर आलेलं नाही ना, हे दानम्मा बोट फिरवून बघे. दोन ठिकाणी आलं होतं. ती दोन्ही काढून पुन्हा ठोकली.

मग माळाच्या दुसऱ्या बाजूला, खाणीपासून लांब, वीस वेळा गाडी थांबवली. विसाव्या खेपेलाही सोळाच पावलं!

तुळजापूरहून परतताना घाटाच्या माथ्यावर शंकरप्पांनी गाडी उभी केली. मागे तान्ह्याला कुशीत घेऊन सोजरबाई बसली होती. खाली पांढरा रस्ता वळणं घेत उतरत होता.

"दानम्मा, जरा बघतेस का?"

दानम्मा उतरली. चारही चाकांपाशी वाकली. ब्रेकच्या सळ्या हलवून पाहिल्या, पिना चाचपल्या. गाडीतली सगळी मोठी माणसं तिच्या होकाराची वाट बघत होती.

"चला," ती म्हणाली.

पहिलं वळण, दुसरं, तिसरं... पायथ्याशी शंकरप्पांनी पाय दाबला. गाडी शहाण्यासारखी थांबली. त्यांनी खाली उतरून ड्रमला हात लावला आणि चटका बसताच तो झटकला.

"तापलाय," ते हसून म्हणाले, "पण धरलंय पक्कं!"

दानम्माच्या आईने, अव्वाने, इतका वेळ मुठीत धरलेला पदर सोडला आणि लेकीला जवळ ओढून म्हणाली, "आमच्या घरातली मिस्त्री ही!"

कोंडीबाने मान डोलावली. "व्हय की! आन् मी तिच्या हाताखाली!"