सहा तासांचं मौन

निवीच्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या किटलीशेजारी, एक लहानसा डबा भिंतीला लावलेला होता. सकाळी साडेसातला तो बोलायचा. खाडीच्या कुठल्या पट्ट्यातला बर्फ आज माणसाचं आणि घसरगाडीचं वजन पेलेल, कुठला पेलणार नाही, ते सांगायचा. निवीचा धाकटा भाऊ एनोक तेवढं ऐकून कुत्री जुंपायचा आणि मासेमारीला निघायचा. त्याच्या वडिलांना लोखंडी टोकाची काठी आपटत, पावलागणिक अंदाज घेत बर्फावरून जावं लागे. एनोकने ती काठी कधी हातात धरली नव्हती.

डबा हेमलता तांडेलने बनवला होता. सातपाटीच्या कोळ्याची ही मुलगी ध्रुवाजवळच्या त्या सत्तर घरांच्या वस्तीत चार वर्षांपूर्वी आली. लहानपणी तिने वडिलांना वल्ह्याला कान लावून पाण्याखालच्या घोळ माशांचा आवाज ऐकताना पाहिलं होतं. बर्फही फुटण्याआधी कुरकुरतो, हे तिला पुढे प्रयोगशाळेत कळलं. मग तिने बर्फात पुरून ठेवायचे ध्वनिग्राहक तयार केले. त्यांना ती ‘हिमकर्ण’ म्हणे. खाडीत असे नऊशे हिमकर्ण होते. चार हिवाळ्यांत वस्तीतलं एकही माणूस बर्फाखाली गेलं नव्हतं. निवी तिला हक्काने जेवायला बोलवी, आणि हेमा तिथल्या बोलीत, मोडकंतोडकं का होईना, तिच्याशी गप्पा मारी.

हिमकर्णांचा खर्च उचलणाऱ्या कंपनीला मात्र वस्तीशी काही घेणंदेणं नव्हतं. हिमनद्या मागे हटल्या तसं खाडीपलीकडच्या डोंगरात बॅटऱ्यांसाठी लागणारं खनिज उघडं पडलं, आणि ज्यांच्या किनाऱ्यांवर बर्फ फक्त सरबतात पडतो असे देशही ध्रुवावर कामाला लागले. हेमाच्या कंपनीत अशा तीन देशांचं भांडवल होतं. त्यात भारतही होता. भर हिवाळ्यात जहाजं बर्फ कापत येऊ लागली. एक जहाज गेलं की त्याच्या लाटेने कित्येक किलोमीटरपर्यंतचा बर्फ आतून खिळखिळा होई. वरून काही दिसत नसे. हिमकर्णांना ते ऐकू येई, आणि घराघरांतले डबे लगेच धोक्याचा इशारा देत.

त्या इशाऱ्यांवरून जहाज कुठे आहे हे प्रतिस्पर्धी कंपनीलाही कळत होतं. फेब्रुवारीत व्यवस्थापक केळकरांनी हेमाला बोलावलं आणि जहाजांमुळे येणारे इशारे यापुढे सहा तास रोखून ठेवायचे, असं सांगितलं. ती नाही म्हणाली. केळकर शांतपणे म्हणाले की तसं असेल तर सगळे हिमकर्णच बंद करावे लागतील. उशिरा मिळालेला इशारा बरा की अजिबात न मिळालेला, ते तिनेच ठरवावं. दोन दिवसांनी तिने सही केली. वस्तीत कुणालाही सांगायचं नाही, हेही त्याच कागदावर होतं. त्यानंतर निवीने जेवायला बोलावलं की तिला काही ना काही काम निघू लागलं.

मार्चमधल्या एका स्वच्छ सकाळी डब्याने पूर्वेकडचा पट्टा भक्कम असल्याचं सांगितलं. थोड्या वेळाने डोंगराआडून एक जहाज गेलं. दुपारी पावणेतीनच्या सुमारास डबा धोक्याचं सांगू लागला, तेव्हा एनोकला बर्फाखाली जाऊन जवळजवळ चार तास झाले होते. आठ कुत्र्यांपैकी एकच परत आला, तुटलेली दोरी ओढत.

तिसऱ्या दिवशी निवी हेमाच्या कचेरीत आली. अंगावरचा जाड कोट न काढताच समोर बसली.

“तुझ्या कानांना ते ऐकू आलं होतं?” तिने विचारलं.

यंत्रात बिघाड होता असं सांगायचं, हे केळकरांनी बजावून ठेवलं होतं. हेमाने निवीच्या हातांकडे पाहिलं. जाळ्याने कापलेली, खरबरीत बोटं. आईचीही अशीच होती.

“आलं होतं,” ती म्हणाली. “आठ वाजून चाळीस मिनिटांनी.”

“तेव्हा तो अंगणात होता,” निवी म्हणाली. “कुत्री जुंपत होता. मी खिडकीतून बघत होते.”

मग हेमाने तिला सगळं सांगितलं. सही केल्याचंही. निवीने आवाज चढवला नाही. हेमाला वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं. निवी म्हणाली, बर्फावर न जाऊन वस्तीचं भागणार नाही. काठीने बर्फ ओळखणारी दोनच माणसं आता उरली आहेत, आणि दोघांनाही धड चालता येत नाही. बाकीच्यांनी तुझ्या डब्यावर भरवसा ठेवला.

“पुढचं जहाज कधी आहे?” तिने विचारलं.

हे सांगणं म्हणजे करार मोडणं होतं. उद्या एकही घसरगाडी पूर्वेकडे गेली नाही की कोणी सांगितलं ते केळकरांना लगेच कळणार होतं.

“उद्या सकाळी सहाला. पूर्वेच्याच पट्ट्यातून.”

“आणि त्याच्या पुढचं?”

ते वेळापत्रक शुक्रवारी यायचं होतं. तोवर नोकरी गमावून हेमा परतीच्या विमानात असणार होती. तिने तेही निवीला सांगितलं.

निवी उठली. दारापाशी जाऊन थांबली.

“मग शुक्रवारी,” तिने विचारलं, “आम्ही कुणाला विचारायचं?”